पुस्तकं मागून येतील गं

मोठ्यांसाठी धर्मशिक्षणाचा गट चालवायला फादरना तू ‘हो’ म्हणालीस, ते बरंच केलंस. आता रात्री पंख्याकडे बघत जागी राहू नकोस. फोनवर तू जी यादी वाचून दाखवलीस ना, ती ऐकूनच मला धाप लागली. बायबलचा कोर्स, सात संस्कारांवर व्हिडिओ, संतांची चरित्रं, इंग्रजी कॅटेकिझमची पीडीएफ, व्हॉट्सॲपवरचे ढीगभर फॉरवर्ड, आणि वर परीक्षा घ्यायची की नाही हा प्रश्न! अगं, परीक्षा कुणाची घेतेस? ज्या काकूंनी उभ्या आयुष्यात एक संध्याकाळ जपमाळ चुकवली नाही, त्यांची? ठेव ती यादी बाजूला आणि आधी चहा टाक.

तुझी काळजी मला कळते बघ. जामनेरात आपली कॅथलिक घरं ती किती? त्यात कुणाचं मूळ नगरकडचं, कुणी नोकरीनिमित्त केरळहून आलेलं, कुणाचे आजोबा रेल्वेत होते म्हणून भुसावळला राहिलेले. घरी बोलायच्या भाषा वेगळ्या, प्रार्थना पाठ आहेत त्या वेगळ्या भाषेत. पाचोऱ्याची ती छोटी गाडी २०२० मध्ये बंद झाली, म्हणजे त्या बाजूचं कुणी यायचं तर एसटीचा भरवसा. आणि नाशिक धर्मप्रांत केवढा पसरलेला! १९८७ मध्ये तो पुण्यापासून वेगळा झाला, तेव्हापासून नाशिक, नगर, धुळे, नंदुरबार, जळगाव हा सगळा मुलूख त्याच्याकडे. एकटे फादर कुठंकुठं पुरणार? म्हणून तर त्यांनी तुला विचारलं. तू हुशार आहेस म्हणून विचारलं असं समजून घाबरू नकोस. तुझ्या ओट्यावर बायका येऊन बसतात, तू कुणाला हाकलत नाहीस, म्हणून विचारलंय.

आता मूळ मुद्दा ऐक. आपल्याकडे धर्मशिक्षण म्हटलं की मुलंच डोळ्यांपुढे येतात. पहिला ख्रिस्तप्रसाद झाला, पांढऱ्या फ्रॉकमध्ये फोटो निघाला, पुढं दृढीकरण झालं की संपलं. मग चाळीस वर्षांची बाई संकटात सापडते आणि तिच्या अंगाला आठव्या वर्षीचाच फ्रॉक. तो आता कसा बसेल? रोमला हे काही नवीन नाही. १९७१ मध्ये व्हॅटिकनने धर्मशिक्षणाची मार्गदर्शिका काढली, त्यातच म्हटलंय की प्रौढांचं धर्मशिक्षण हे धर्मशिक्षणाचं मुख्य रूप मानायला हवं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. मुलांचे वर्ग हवेतच, पण मोठ्यांचे वर्ग ही काही जादाची हौस नाही. तेव्हा ‘मोठ्यांना कशाला शिकवायचं आता’ असं कुणी नाक मुरडलं, तर तू खुशाल सांग, पोपचं म्हणणं असं आहे!

आणि हे सगळं विलायती आहे असंही समजू नकोस गं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. जातीचे इंग्रज, पण मराठीत त्यांनी अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि १६१६ मध्ये ते रायतूरला छापून निघालं. त्याच्या सुरुवातीचा प्रसंग मला फार आवडतो. साष्टीतल्या चर्चमध्ये मुलांना धर्माची शिकवण चाललेली असते आणि नव्यानं ख्रिस्ती झालेला एक मोठा माणूस पुढं होऊन विचारतो, की आमची जुनी पुराणं तर सुटली, आता आम्ही वाचायचं काय? बघ म्हणजे! वर्ग मुलांचा आणि प्रश्न मोठ्या माणसाचा. त्या प्रश्नातून एवढा ग्रंथ उभा राहिला. आपल्याकडेही मुलांना वर्गाला सोडायला आलेले आईबाप बाहेर चपलांपाशी उभे असतात ना, त्यांच्या पोटात असेच प्रश्न असतात. कुणी विचारत नाही म्हणून ते बोलत नाहीत.

म्हणून माझं सांगणं एवढंच: तू साहित्य जमवू नकोस, माणसं जमव. चार आली तरी चालतील. पुस्तकं मागून येतील.

माझं माहेर श्रीरामपूरकडचं. तिकडं हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. लोटच्या लोट माणसं येतात. आमच्या आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण प्रार्थना, आज्ञा, संस्कार सगळं तोंडपाठ. गावात मिशनचे मास्तर असायचे. दिवसा पोरांना शिकवायचं आणि रात्री, शेतावरून माणसं परतली की कंदिलापाशी मोठ्यांना म्हणायला लावायचं. फादर घोड्यावरून किंवा सायकलवरून कधीतरी यायचे; रोजची राखण मास्तरांची. म्हणजे बघ, सामान्य माणसानं मोठ्यांना शिकवायचं हे आपल्या भागाच्या हाडीमांसी आहे. आणि ‘बाईनं कसं शिकवायचं’ म्हणून कुणी कुरकुर केली, तर १० मे २०२१ लक्षात ठेव. त्या दिवशी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचं काम ही प्रापंचिकांची अधिकृत सेवा ठरवली, पुरुषांसाठी आणि बायकांसाठीही. तू काही लगेच ती पदवी घ्यायला निघाली नाहीस, पण तोंड बंद करायला एवढं पुरे.

सुरुवात कधी करायची? माझं ऐकशील तर आगमनकाळात कर. नाताळाआधीचे चार रविवार, त्यामुळे ‘जन्मभराची कटकट लागली’ असं कुणाला वाटत नाही. थंडी पडलेली असते, भरताची वांगी आलेली असतात, माणसं एकमेकांकडे जायला राजी असतात. कापूस वेचणीची घाई असते हे खरं, म्हणून रविवारी संध्याकाळी बस आणि तासाभरात उठ. तासाच्या वर एक मिनिट नको. बायकांना स्वयंपाक असतो आणि पुरुषांना मॅच.

आणि शिकवायचं काय? पुढच्या रविवारचं शुभवर्तमान. बस्स. चर्चने वाचनांची तीन वर्षांची फेरी लावून दिलीच आहे. पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान उपवासकाळात, पुनरुत्थानकाळात आणि अधूनमधून येतो. कुठलं वर्ष चालू आहे ते ओळखायची एक युक्ती सांगते. सनाला तीनने भाग जात असेल तर ते लूकचं वर्ष. २०२५ ला गेला, म्हणून ते लूकचं. २०२६ मत्तयचं आणि २०२७ मार्कचं. फक्त चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी होतं, तेवढं ध्यानात ठेव. असं केलंस की अभ्यासक्रम ठरवायची डोकेदुखी गेली, आणि जे तुम्ही घरी वाचलंत तेच पुढं मिस्सेत ऐकू आलं की माणसं कान टवकारून बसतात. फादरचं प्रवचनही मग वेगळं लागतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

वाचायची पद्धत म्हणशील तर दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को नावाच्या संस्थेनं सात पायऱ्यांची एक रीत बसवली, ती जगभर छोट्या ख्रिस्ती समूहांत चालते. आधी कुणीतरी आपल्या शब्दांत प्रभूला बोलावतं. मग उतारा मोठ्यानं वाचायचा. मग ज्याला जो शब्द किंवा तुकडा लागला, तो त्यानं नुसता उच्चारायचा, तीनदा, मध्ये थोडं थांबत. अर्थ सांगायचा नाही! हे तिसऱ्या पायरीचं फार जपायचं असतं, कारण आपल्यात एखादे काका असतात, त्यांना अर्थ सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांना प्रेमानं सांग, ‘काका, नुसता शब्द.’ मग काही मिनिटं गप्प बसायचं. पहिल्या वेळी ही शांतता खायला उठते बघ. कुणी खोकतं, कुणाच्या फोनची रिंग वाजते, तुला वाटतं आपण काहीतरी बोललं पाहिजे. बोलू नकोस. मग आपल्याला काय भिडलं ते ज्याला वाटेल त्यानं सांगायचं. त्यावर वाद नाही, दुरुस्ती नाही, उपदेश नाही. मग या आठवड्यात आपल्याला काय करायला सांगितलं जातंय ते मिळून ठरवायचं. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाच्या पोराची फी राहिली आहे. शेवटी प्रार्थना. या सगळ्यात तुला शिक्षिका व्हावं लागलं का कुठं? नाही ना? तू फक्त वेळ सांभाळायचीस आणि काकांना.

ज्यांना वाचता येत नाही त्यांची काळजी सोड. उतारा दोनदा वाच, दुसऱ्यांदा सावकाश. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना तरी कुठं लिहिता-वाचता येत होतं? ऐकूनच त्यांच्यात केवढं साठलं होतं. अशा आज्या ऐकतात फार बारीक, आणि त्यांनी उचललेला शब्द आपल्याला सुचलाही नसता. कुणाला पाळी लावून वाचायला मात्र देऊ नकोस. ‘आता तुम्ही वाचा’ म्हटलं की ज्याला अडखळायला होतं, तो पुढच्या रविवारी पाहुणे आले म्हणून सांगतो.

आता पुस्तकांचं. मी हौसेनं कॅथलिक कॅटेकिझमचा तो जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणला होता. मूळ १९९२ चा तो, २,८६५ परिच्छेद! बरेच दिवस आमच्याकडे पापड सरळ राहावेत म्हणून वर दाब ठेवायला त्याचा उपयोग झाला. त्याचं वावडं नको, पण तो सुरुवातीपासून वाचायचा ग्रंथच नाही. त्याचे चार भाग आहेत: आपण काय मानतो, संस्कार, जगायचं कसं, आणि प्रार्थना. प्रश्न पडला की त्या भागात जाऊन शोधायचं. त्याचाच प्रश्नोत्तरांचा छोटा अवतार २००५ मध्ये निघाला, ५९८ प्रश्नांचा. तो हाताळायला सोपा. कॉलेजातल्या पोरांसाठी २०११ मध्ये आलेलं यूकॅट आहे, त्यात चित्रं-बित्रं आहेत. पण हे सगळं तुझ्यासाठी, गटात वाचायला नव्हे. गटात इंग्रजी उघडलंस की निम्मी माणसं गप्प होतात, आणि उरलेली निम्मी समजल्यासारखं दाखवतात.

मराठीत वाचायला काय आहे विचारतेस? अगं, आपण समजतो त्याहून पुष्कळ आहे. ‘निरोप्या’ मासिक १९०३ पासून चालू आहे. जेज्वीट फादर हेन्री डोरिंग यांनी ते सुरू केलं, तेच पुढं पुण्याचे बिशप झाले. त्याची वर्गणी भर आणि अंक घरोघर फिरव. अंक फिरला की माणसंही फिरतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ मध्ये गेले, पण त्यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे ते कितीतरी वर्षं संपादक होते आणि २०२० च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. म्हणून त्यांची मराठी सगळ्यांना कळते, चर्चमधल्यांना आणि बाहेरच्यांनाही.

बायबलवरून एक घोळ होतो तो आधीच सांगून ठेवते. कुणी प्रॉटेस्टंट शेजाऱ्यांकडचं बायबल आणेल, कुणी कॅथलिक. आपल्या बायबलात ७३ पुस्तकं, त्यांच्यात ६६. तोबीत, यहुदीत, मक्काबी अशी जुन्या करारातली पुस्तकं त्यांच्याकडे नसतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘माझ्यात हे पानच नाही!’ आणि अर्धा तास त्यावर जातो. शुभवर्तमानं दोघांकडे चारच, त्यामुळे तुझं काम अडत नाही. आणि खानदेशात अलायन्स चर्चची माणसं शेजारपाजारी, सोयरीकीत असतातच. त्यांच्यातलं कुणी येऊन बसलं तर बसू दे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तू वाचलंस का? नसेल तर माझ्याकडून ने. त्यांच्या यजमानांनी, टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई नवऱ्यामागं लगेच गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, माहेरच्यांत राहिल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या मनानं त्या ठिकाणी पोचल्या. पुढं टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरं करायला घेतलं. मोठ्या माणसाची श्रद्धा कशी वाढते ते बघायला यासारखं पुस्तक नाही, मग ते कुठल्या का चर्चचं असेना.

व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड मात्र गाळून घे. ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा’ असलं काहीही गटात येता कामा नये. छापील पुस्तक असेल तर सुरुवातीचं पान उघड; बिशपांची छापायला परवानगी, म्हणजे इम्प्रिमातुर, दिलेली आहे का बघ. नसलं म्हणजे पुस्तक वाईटच असं नाही, पण मग फादरना एकदा दाखव.

सगळ्यात मोठी भीती तुला कशाची वाटते ते मला माहीत आहे. ‘ताई, कुणी काही विचारलं आणि मला नाही आलं तर?’ काही प्रश्नांची उत्तरं नाहीच येणार. त्यासाठी एक वही ठेव. ‘मला नाही माहीत, लिहून घेते’ असं हसून म्हण आणि सगळ्यांच्या देखत लिही. महिन्यातून एकदा फादर येतील तेव्हा ती वही त्यांच्या पुढ्यात ठेव. आत्ताच त्यांच्याशी तसं ठरवून घे, म्हणजे त्यांनाही कळेल की नुसतं ‘सुरू कर’ म्हणून भागत नाही. कुणाला चर्चमध्ये नव्यानं यायचं असेल, बाप्तिस्म्याविषयी विचारायचं असेल, तर तेही तू अंगावर घेऊ नकोस. ती वाट वेगळी आहे, सावकाशीची आहे, तिला महिने लागतात, आणि बहुधा ईस्टरच्या रात्री ती पुरी होते. थेट फादरकडे पाठव.

पण एक प्रश्न वहीत लिहिता येत नाही. जिचा तरणाताठा मुलगा गेला ती विचारते, ‘देवानं माझ्याच घरी असं का केलं?’ किंवा ज्याच्या कपाशीचं दोन वर्षं वाटोळं झालं तो म्हणतो, ‘मिस्सेला येऊन मला काय मिळालं?’ तिथं खोलीतल्या प्रत्येकाला काहीतरी शहाणपणाचं बोलायची घाई होते. ‘देवाची इच्छा’, ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो’... हे सगळं तू तिथंच थांबव. हात वर करून थांबव, अगदी. तिचा हात धर आणि तिला बोलू दे. आणि बघ, बायबल अशा माणसाला गप्प करत नाही. ईयोब पानंच्या पानं देवाशी भांडतो. लाझर मेल्यावर मार्था येशूला उशीर केल्याबद्दल तोंडावर ऐकवते, आणि तो तिच्यावर रागावत नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, तरी ते आपल्या प्रार्थनेत हजारो वर्षं टिकून आहे. त्या बाईला घरी जाताना ते स्तोत्र कुठं आहे तेवढं सांग. अर्थ सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे भाजी घेऊन जा.

बाकी किरकोळ. पुरुष येत नाहीत म्हणून खट्टू होऊ नकोस. एकाला खुर्च्यांचं, एकाला वेळेचं, एकाला पेटी वाजवायचं काम दे, आपोआप येतात. बोलताना हिंदी आली, मल्याळी आली तरी चालू दे, पण उतारा एका भाषेत ठरवून वाच. मुलं बरोबर येतील, त्यांना रंगीत खडू दे. आणि खाण्याचं मनावर घेऊ नकोस. मी पहिल्यांदा हौसेनं वरण-बट्टीचा घाट घातला होता. आली मोजकी माणसं, आणि आमच्या घरी पुढं बट्टीचा चुरा, बट्टीची भाजी आणि नवऱ्याचं तोंड. चहा-बिस्किटं पुरे. पाळीपाळीनं वेगवेगळ्या घरी बसायचं ठरलं तर नियमच कर: चहापलीकडे काही नाही. नाहीतर ज्यांच्या घरी अडचण आहे त्या बायका ‘आमच्याकडे नको’ म्हणायला लागतात, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय तीच घरं गळतात.

तर असं कर. आज संध्याकाळी फादरना फोन लाव आणि महिन्यातला एक दिवस ठरवून घे. उद्या घरोघर स्वतः जा, मेसेज पाठवू नकोस. जपमाळवाल्या काकूंना पहिलं बोलाव, त्या आल्या की बाकीच्या येतात. वही मी देते, कोरी पडून आहे माझ्याकडे. आणि पहिला रविवार झाला की मला फोन कर गं, कितीही वाजले असले तरी.